रिटाचा डावा गाल

रिटा, मागच्या आठवड्यात तू गेल्याच्या महिन्याच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं, कार्ड आलं. कार्ड म्हणजे कार्डाचा फोटो, मोबाईलवर, तुमच्या चर्चच्या मराठी ग्रुपमध्ये. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, खाली प्रार्थनेच्या दोन ओळी आणि मधोमध एक बाई. गोरीपान. गालावर गुलाबी झाक, ओठ रंगवलेले, कपाळावर एक रेघ म्हणून नाही. मी सरळ पुढे सरकवलं. म्हटलं असेल कोणाची तरी मावशी. मग नाव वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

त्या ग्रुपवर लोक काय लिहीत होते ते तुला सांगायलाच हवं. किती प्रसन्न चेहरा. अगदी शांत झोपल्यासारखी. देवदूत दिसतेय. अगं, ही सगळी आपली ओमानची, सलालाहची माणसं, तुझ्या घरी येऊन तुझ्या हातचा चहा प्यालेली. डाव्या कानापासून गळ्यापर्यंत उतरलेला तुझा तो भाजल्याचा डाग त्यांनी वर्षानुवर्षं समोर बसून बघितलाय. तो कार्डावर नाही हे एकालाही दिसू नये? की दिसलं, आणि बरंच झालं असं वाटलं? मी बौद्ध बाई, मला तू जबरदस्तीने त्या ग्रुपमध्ये घालून ठेवलेलं, त्यामुळे तिथे तोंड उघडायची चोरी. नाहीतर एकेकाला सुनावलं असतं.

आणि हे तुझ्या बाबतीत व्हावं? फोटोला हात लावायचा नाही म्हणून जिने अख्ख्या गावाशी भांडणं केली, तिच्या बाबतीत?

तुझा तो स्कॅनर डायनिंग टेबलावर ठाण मांडून बसलेला असायचा आणि तू आणि सेबी, नवरा-बायको, जेवायला खाली चटईवर. तू हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये दिवसभर हसून दमलेली, तो पोर्टवरून ग्रीसचे हात घेऊन आलेला, आणि जेवताना दारावरची बेल. कोणाची तरी आई गेली. वसईला, गावात. इकडे मुलाला रजा नाही, पासपोर्ट कंपनीकडे, अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. दफनाला पोचता येत नाही. मग माणसाने इथून करायचं काय? तर घरच्यांना कार्डासाठी आईचा फोटो हवा असतो, आणि आईचा त्यातल्या त्यात बरा फोटो नेमका याच्याच बॅगेत सलालाहला असतो. मोबाईलने काढून पाठवला की तिरका येतो, वर ट्यूबलाइट चमकते. म्हणून तो तुझ्याकडे यायचा. तू ताट सरकवून उठायचीस.

तुझे नियम मला अजून पाठ आहेत. हात धुऊन या. केसांना तेल लावलं असेल तर काचेवर वाकू नका. खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, चालू असेल, बाहेर धुकं आणि भिंतींना ओल, तर अल्बम उघडायचासुद्धा नाही, कारण फोटो प्लास्टिकला चिकटलेले असतात आणि ओढला की चेहराच सोलून निघतो. पण मरण काय खरीफ संपायची वाट बघतं? तेव्हा तू प्लास्टिकसकट अख्खं पान काचेवर ठेवायचीस. आणि दर वेळी, न चुकता, स्क्रीनवरच्या त्या तीन खुणा काढून टाकायचीस. धूळ घालवा, रंग उजळा, चेहरा सुधारा. मशीन त्या आपल्या मनाने टिक करून ठेवायचं आणि तू त्या काढायचीस, गॅस बंद केला का बघावं तशी. मी एकदा म्हटलं, राहू दे की, चांगला येईल फोटो. तू म्हणालीस, "चांगला कशाला यायला हवा? खरा येऊ दे."

त्या दुक्मच्या डायगोची गोष्ट तर मी तुला जन्मभर ऐकवणार होते. रिफायनरीच्या कामावरचा माणूस, कॅम्पवरून कोणाच्या तरी ट्रकमध्ये बसून एवढा लांब आला होता. आईला पुरून झालं होतं, हा पोचला नव्हता. पाकिटातून फोटो काढला. कोणाच्या तरी लग्नात उभी असलेली त्याची आई, लाल साडी, आणि एक डोळा पांढरा. मोतीबिंदू पिकून गेलेला.

"बाय, हा डोळा जरा ठीक करता येईल काय?" त्याने विचारलं.

"आईचा डोळा असाच होता ना?"

"असाच. पोरं चिडवायची तिला. मला तर शाळेत..."

"मग असाच जाईल," तू म्हणालीस आणि झाकण लावलंस.

त्याने तुला किती विनवलं. शेवटचं तेवढंच आहे हो, म्हणाला, मी काही तिच्यासाठी केलं नाही, निदान कार्डावर तरी ती चांगली दिसू दे. तू हलली नाहीस. तो डोळे पुसत चहा प्याला आणि फोटो तसाच गेला. तो खाली उतरेपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले, मग तुझ्यावर ओरडले. म्हटलं, त्याची आई आहे, तू कोण ठरवणारी? तू शांतपणे काच पुसत होतीस. म्हणालीस, "आणि तो कोण? आईला विचारलंय त्याने, तुझा डोळा बदलू काय म्हणून? ती बाई त्या डोळ्यानेच साठ-सत्तर वर्षं जगली. आता गेल्यावर सगळ्यांना लाज वाटायला लागली."

मला ते पटलं नाही. मी आठवडाभर तुझ्याकडे फिरकले नाही. शेवटी तूच पपई घेऊन आलीस, रस्त्यावरच्या नारळवाल्याकडून, आणि जणू काही झालंच नाही अशी माझ्या सोफ्यावर बसून तिच्या फोडी करायला लागलीस.

पटलं ते माझ्या आईच्या फोटोमुळे. आईचा तरुणपणीचा तो एकच फोटो आहे, पांढऱ्या साडीतला, आणि तिच्या नाकावरून बरोबर आडवी घडी गेलीय. मी म्हटलं, रिटा, एवढी घडी काढ, बाकी काही बोलणार नाही. तू फोटो उलटसुलट करून बघितलास. "कोणी घातली घडी?" मी सांगितलं, बाबांनी. लग्नाच्या आधी ते कामाला भिलाईला होते, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवायचे. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. घडी राहिली. माझ्या हॉलमध्ये तो मोठा करून लावलाय, घडीसकट, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय, आणि मी प्रत्येकाला बाबांचा खिसा सांगते. घडी गेली असती तर मी कोणाला काय सांगितलं असतं? हे तुझं देणं आहे माझ्यावर, ते मी कबूल करते. रागाच्या भरातसुद्धा करते.

तुमच्या गावच्या बायकांची लग्नातली गाणी होती ना, सुट्या कागदांवर लिहिलेली? तू ती मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढायला गेलीस, म्हणजे मला टाइप करून देता येतील. काय चिवडा झाला होता. एकही ओळ धड नाही, मांडवाच्या जागी भलतंच काहीतरी, नवरीच्या आईला तर प्रोग्रॅमने गायबच केलं होतं. आपण दोघी हसून हसून बेजार. मग तू सगळं पुसलंस आणि पानं नुसती चित्रं म्हणून ठेवलीस. म्हणालीस, हिने इथे खोडलंय ना, इथे हिला आधी दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, ते दिसू दे. मी खोडलेल्या जागा वाचायचा प्रयत्न करत बसायचे आणि तू मला चोंबडी म्हणायचीस.

तर अशी तू. मग तुला तो आजार निघाला, सेबीने राजीनामा टाकला, आणि तुम्ही इथलं सगळं खलास करून वसईला निघालात. बॅगांमध्ये जागा नव्हती म्हणून स्कॅनर माझ्याकडे आला. त्याच्याबरोबर तुझी गादीही आली असं मी समजले. आणि चालवली गं मी ती, तुझ्यापेक्षा कडक. एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आली, हातात बिडी आहे ती तेवढी काढा म्हणाली. मी म्हटलं, फुप्फुसंपण बदलून देऊ का? ती परत माझ्याशी बोलली नाही. असे किती जण माझ्याशी बोलत नाहीत. सगळे तुझ्या नावाने तोडलेत मी.

म्हणून ते कार्ड बघितलं तशी मी सेबीला फोन लावला. ऑफिसमधूनच लावला, समोर इनव्हॉइसचा ढीग, शेजारी आमचा इजिप्तचा अकाउंटंट डोळे मोठे करून बघतोय, त्याला मराठी कळत नाही हे नशीब. मी सेबीला काय काय बोलले ते परत लिहीत नाही. तुमचीच बायको होती ना, म्हटलं, ओळखता ना तिला? का तिच्या तोंडाची तुम्हाला आधीपासूनच लाज वाटत होती? हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं मिलिंद म्हणतो. माझा नवरा आहे तो, त्याला तसं म्हणायलाच हवं. पण मला तेव्हा तेच वाटत होतं आणि मी तेच बोलले.

सेबीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुजाता, तिनेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"गाल साफ करून लावा म्हणाली. कार्डावर आणि कबरीच्या पाटीवर पण. हॉस्पिटलात असताना. दोनदा म्हणाली." आणि वर म्हणाला, "तुम्हाला सांगू नको म्हणाली. ती भांडेल, म्हणाली."

रिटा, मी फोन ठेवून वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. दुःखाने रडले असं कोणी समजू नये. मला इतका संताप कधीच आला नव्हता, अगदी तू गेलीस त्या दिवशीसुद्धा नाही. लोकांच्या आयांचे डोळे, बापांच्या बिड्या, माझ्या आईच्या नाकावरची घडी, सगळं तू जसंच्या तसं ठेवायला लावलंस. आणि स्वतःचा गाल पुसून घेतलास. तोही माझ्या पाठीमागे. ती भांडेल म्हणाली. हो, भांडले असते. भांडायचं नाही तर मग मैत्रीण कशाला ठेवली होतीस?

तो डाग कशाचा, हे मी तुला एकदाच विचारलं होतं, ओळख नवी असताना. तू म्हणालीस, "लहान होते, लग्नघरात तळणीचं तेल उडालं. आलं टाकू चहात?" संपलं. त्यानंतर इतक्या वर्षांत तू त्याचं नाव काढलं नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं, तुला त्याचं काहीच नाही. हॉटेलच्या काउंटरवर उभी राहतेस, जगभरची माणसं समोर येतात, मान वर करून बोलतेस. मला तर तो डाग दिसायचाही बंद झाला होता. तुझा चेहरा म्हणजे तो डाग धरूनच. मग तुला काय वाटत होतं? काउंटरवरून घरी येऊन तू आरशात बघत होतीस तेव्हा तुला काय दिसत होतं? डायगोला नाही म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात त्याची आई होती, की तू? हे सगळं मला सांगायला तोंड नव्हतं तुला? पपई कापत तासतास बसायचीस माझ्याकडे. एवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं नाही?

दोन दिवस मी असा त्रागा केला. घरात कोणी माझ्या वाटेला गेलं नाही. मग सेबीचा परत फोन आला. बिचारा घाबरत बोलत होता. कबरीच्या संगमरवरावर बसवायचा चिनीमातीचा फोटो द्यायचाय, म्हणाला. एकदा भट्टीतून निघाला की त्यात बदल नाही. स्टुडिओवाल्याकडचाच देऊ का? त्यालाही तो आवडला नव्हता. "ती फक्त गाल म्हणाली होती," तो म्हणाला. "गोरं करा, सुरकुत्या काढा, असं काही ती बोललेली नाही. त्या पोराने आपल्या मनाने केलं. मला जमत नाही हो त्यातलं काही. मला ती ओळखूच येत नाही."

मी म्हटलं, त्या पोराला सांगा हात लावू नको. मी करते.

मूळ फोटो माझ्याकडेच आहे. हॉटेलच्या पार्टीतला, तू कशावर तरी खळखळून हसतेयस, निळ्या ड्रेसमध्ये, तोंड सरळ समोर. सलालाह सोडायच्या आधीच्या शुक्रवारी तू माझ्या घरी येऊन तो स्वतः स्कॅन केलास. मी आत चहा टाकत होते. काच पुसल्याचा आवाज आला, झाकणाचा आला, तो हिरवट उजेड भिंतीवरून सरकून गेला. तिन्ही खुणा तू काढल्या होत्यास, मी नंतर बघितलं. म्हणजे तेव्हा तू एकदम खरा फोटो ठेवून गेलीस. तेव्हाच ठरवलं होतंस की नंतर हॉस्पिटलात ठरवलंस, हे आता मला कळणार नाही. मी ते सोडून दिलंय. म्हणजे सोडलेलं नाही, पण सोडावं लागतंय.

आणि तुझ्याच हिशेबाने बघायचं तर मला बोलायला जागा कुठे आहे? आईला विचारलंय काय, असं तू डायगोला धरून बोलली होतीस. तुला कोणी विचारायचीही वाट तू बघितली नाहीस. तोंडाने सांगून गेलीस. चेहरा तुझा.

काल शुक्रवार होता. बाहेर खरीफचं धुकं, समोरच्या बागेतले माड अर्धेच दिसत होते. मी तुझा फोटो उघडला आणि मोठा केला, आणखी मोठा केला, सगळ्या स्क्रीनवर नुसता तुझा डावा गाल. इतक्या जवळून मी तो कधीच बघितला नव्हता. बघणार तरी कशी, जिवंत माणसाच्या गालाकडे असं कोणी टक लावून बघतं का? कानापाशी तो गडद आहे, गालावर पातळ होतो, आणि हनुवटीखाली त्याचे दोन ओघळ होतात. तिथे तेल वाहत गेलं असणार. एवढीशी मुलगी, आणि ते तेल गळ्यापर्यंत वाहत गेलं. मला तेव्हा कळलं की त्या तेलाच्या वाक्यानंतर तू लगेच चहातल्या आल्याचं का विचारलं होतंस.

या कामाची रीत अशी की चांगल्या जागेवरची थोडी कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची. मी तुझ्या उजव्या गालावरची घेतली, तुझीच, तुझ्या रंगाची, सावळी. दोनदा माऊस सोडून उठले. शिव्या येत होत्या तोंडात. तुला, सेबीला, त्या लग्नघराला, लहान पोरीला तळणीजवळ फिरकू देणाऱ्या त्या सगळ्या बायकांना. एकेक ठिपका झाकला जात होता आणि प्रत्येक ठिपक्याला मला वाटत होतं की मी तुला कुठेतरी पाठवून देतेय. बाकी कशाला हात लावला नाही. डोळ्यांच्या कडेच्या रेघा आहेत. कपाळावरच्या तिन्ही आठ्या आहेत. पुढचा दात थोडा तुटलेला, तोही आहे. रंग जो होता तो आहे. काम झाल्यावर फोटो लहान करून बघितला. सुंदर दिसत होतीस. मला ते कबूल करायचं नव्हतं.

सेबीला पाठवला. लगेच उत्तर आलं नाही. दुपारी आलं. आता हीच ती, असं लिहिलं होतं त्याने, आणि खाली, तिला आवडला असता. आवडला असता, यात मला शंका नाही. पण ही ती आहे, हे मला मान्य नाही, आणि दगडावर भाजून घेतला तरी होणार नाही. तुझी इच्छा होती, मी माझ्या हाताने पुरी केली, आता त्यावर बोलत नाही.

मूळ फोटो मात्र माझ्याकडे आहे, डागासकट. त्याचं काय करायचं ते तू सेबीला सांगितलेलं नाहीस, मी विचारून घेतलंय. तेव्हा तो मी मोठा करून घेतेय, उद्याच स्टुडिओत टाकते, आणि माझ्या घरात लावणार आहे, हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. तुला चालणार नाही, माहीत आहे. भांडायचं असेल तर ये.